जंगलाचा इतिहास वर्गात कधी येणार? इतिहास अभ्यास मंडळांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इतिहास अभ्यास मंडळांचे मा. अध्यक्ष व सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमांची फेरमांडणी सुरू आहे. मेजर, मायनर, श्रेयांक, क्षेत्र प्रकल्प यांच्या तक्त्यांत आपण सगळे गुंतला आहात याची मला कल्पना आहे, कारण त्याच तक्त्यांप्रमाणे एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवतो. पुढची काही वर्षे वर्गात काय शिकवले जाणार हे आत्ता ठरते आहे, म्हणून हे पत्रही आत्ताच लिहितो आहे. माझी मागणी एकच आहे. पर्यावरणाच्या इतिहासाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षात एक आणि एम.ए.ला एक असा पूर्ण पेपर द्यावा. तो मराठीतून शिकवता यावा आणि त्याचा आधार महाराष्ट्रातली कागदपत्रे असावीत.

या मागणीमागे एका इतिहासकाराचे काम आहे, ते आधी सांगतो.

रामचंद्र गुहा हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ओळखीचे असते. कुणी त्यांचा स्वतंत्र भारताचा इतिहास वाचलेला असतो, कुणी गांधीजींचे चरित्र. ज्याला क्रिकेटचे वेड आहे त्याला जुन्या काळचे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांची कहाणी त्यांच्याच पुस्तकातून कळलेली असते. २००९ साली पद्मभूषण, २०११ साली ‘इंडिया आफ्टर गांधी’साठी साहित्य अकादमी पुरस्कार, २०१५ साली जपानचा फुकुओका पुरस्कार, हे सगळे वर्तमानपत्रांत येऊन गेले. मात्र अमेरिकेतल्या पर्यावरण-इतिहासकारांच्या संस्थेने २००१ साली त्यांना जो लिओपोल्ड-हायडी पुरस्कार दिला, त्याची आपल्याकडे फारशी वाच्यता झाली नाही. तो एका लेखाला होता, आणि लेखाचा विषय होता भारतातल्या लोकाधारित वनव्यवस्थापनाचा पूर्वेतिहास. गुहांच्या साऱ्या लेखनाचा पाया तिथे आहे. त्या पायात महाराष्ट्राचेही दगड आहेत, पण आपल्या अभ्यासक्रमात त्यांचा पत्ता नाही.

त्यांचा जन्म १९५८ सालचा, डेहराडूनचा. वडील तिथल्या वन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते आणि मुलगा त्याच आवारात वाढला. दिल्लीत अर्थशास्त्र शिकता शिकता व्हेरिअर एल्विन यांचे आदिवासींवरचे लेखन हाती आले आणि गाडी समाजशास्त्राकडे वळली. (एल्विन भारतात आले ते आधी पुण्यात, १९२७ साली, एका ख्रिस्ती सेवासंघात, पुढे गुहांनी त्यांचे चरित्रही लिहिले.) कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांनी पीएच.डी. केली ती उत्तराखंडातल्या जंगलांच्या सामाजिक इतिहासावर. तिचे पुस्तक १९८९ साली आले, ‘द अनक्वाएट वुड्स’. त्याआधी १९८३ साली भारतातल्या वनखात्याच्या इतिहासावरचा त्यांचा दीर्घ लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने छापला होता, म्हणजे तो मुंबईतूनच निघाला.

चिपको आंदोलन आपण शिकवतो ते एका चित्रापुरते: झाडाला मिठी मारलेल्या बायका. गुहांनी त्या चित्राच्या मागे जाऊन विचारले, हे आंदोलन इथेच का झाले, आणि याच लोकांनी का केले? १९७३च्या एप्रिलमध्ये उत्तराखंडातल्या मंडल गावी पहिली ठिणगी पडली. गावकऱ्यांना नांगराच्या कामासाठी अंगूची थोडी झाडे हवी होती. वनखात्याने नकार दिला, आणि त्याच जंगलातली अंगूची झाडे अलाहाबादच्या एका खेळसाहित्याच्या कंपनीला देऊन टाकली. पुढच्या वर्षी रेणी गावात ठेकेदाराची माणसे आली तेव्हा पुरुष गावात नव्हते. सैन्याने घेतलेल्या जमिनीची भरपाई मिळणार म्हणून त्यांना चमोलीला बोलावले होते. गौरादेवी आणि गावातल्या बायकाच पुढे झाल्या. इथवर पुष्कळांनी लिहिले आहे. गुहा इथून मागे गेले. १९३० साली टिहरी संस्थानात तिलाडीला जंगलहक्कांसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. १९२१ साली कुमाऊँत राखीव जंगलांना आगी लावल्या गेल्या होत्या.

या आगींवरची त्यांची पाने प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावीत असे मला मनापासून वाटते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालात ती नासधूस होती. गुहांनी पाहिले की जळाले काय आणि वाचले काय. पेटली ती मुख्यतः चिडाची, म्हणजे पाइनची जंगले. खात्याला त्यांतून राळ आणि रेल्वेचे स्लीपर मिळत. बांजाची, म्हणजे ओकची रुंद पानांची जंगले लोकांनी राखली. गुरांचा चारा तिथला, खत करायचा पाला तिथला, गावाचे झरे त्यांच्याच सावलीत. ज्या अहवालात सरकारने लोकांचा अडाणीपणा नोंदवला, त्याच अहवालातून गुहांनी लोकांचा हिशेब वाचून दाखवला. साधने तीच, सरकारीच, फक्त वाचणारा डोंगर पायी फिरून आलेला होता आणि कोणते झाड कोणाच्या कामाचे हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच त्यांना म्हणता आले की चिपको जगापुढे पर्यावरणाचे आंदोलन म्हणून गेले असले तरी गावातून पाहिल्यास ते शेतकऱ्यांच्या जुन्या लढ्याचे पुढचे पाऊल होते.

ही पद्धत शिकवायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. लागतात ते वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजना (जंगल कसे तोडायचे आणि राखायचे याचे आराखडे), जमाबंदीचे अहवाल, कज्ज्यांचे कागद आणि गावातली बोलती माणसे. हे सगळे महाराष्ट्रात जागोजागी आहे.

१८७८चा वनकायदा होऊ घातला होता तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला लेखी हरकत घेतली. जंगल राखायला सभेची ना नव्हती. तिचे म्हणणे असे की लोकांना हुसकून लावण्यापेक्षा विश्वासात घ्या, जे गाव आपले रान नीट राखील त्याचा गौरव करा, म्हणजे शेजारच्या गावांत चढाओढ लागेल. गुहांच्या लेखनात या हरकतीला मानाचे स्थान आहे, कारण लोकांनी राखलेल्या जंगलाची कल्पना या देशात किती जुनी आहे याचा तो लेखी पुरावा आहे. आपण सार्वजनिक सभा शिकवतो ती काँग्रेसच्या आधीची राजकीय संघटना म्हणून, स्थापना १८७०, आणि पुढच्या मुद्द्यावर जातो.

जोतीराव फुल्यांचेही तसेच. १८८३ साली पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर त्यांनी आसूडच ओढला आहे. डोंगर, टेकड्या, दऱ्या, पडीक जमिनी, गायराने सगळे खात्याच्या घशात गेले आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्याकरडांना उभे राहायला जागा उरली नाही, असे ते सांगतात. त्याआधी लहान शेतकरी रानातली उंबरे, जांभळे खाऊन आणि पळस-मोहाची पाने-फुले विकून कसा निभावत असे, तेही लिहितात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि गुहा यांनी १९९२च्या ‘धिस फिशर्ड लँड’मध्ये हा उतारा घेतला, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला फुले जंगलाच्या प्रश्नावरचे साक्षीदार म्हणून भेटले. मराठीत फुले शिकणाऱ्या आपल्या मुलांना मात्र शिक्षण, जात आणि सावकारी एवढ्यावरच प्रश्न येतो.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांची गोष्ट तर अजून हाताला लागेल अशी आहे. राब. पावसाआधी भाताची किंवा नागलीची रोपे टाकायच्या जागेवर गोवऱ्या, टहाळ, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि भाजायचे. तण मरते, रोप जोमदार येते. त्यासाठी लागणारा टहाळ वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीवरून आणि लगतच्या रानातून तोडायचा. वनखात्याने हद्दी आखल्या तशी ही तोड गुन्हा ठरू लागली. लोकांची ओरड एवढी वाढली की मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्यात राबाबद्दलची शेतकऱ्यांची बाजू, खात्याची बाजू, साक्षी, सगळे आहे. शहापूर, मुरबाड, जव्हारकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी आजही राब भाजला जातो. अशा घरातल्या एखाद्या मुलीला हा अहवाल वाचायला द्या आणि आजीला चार प्रश्न विचारून यायला सांगा. कोणता टहाळ चांगला, कोणता चालत नाही, कुठून आणायचे, फॉरेस्टवाल्याने अडवले तर काय करायचे. अभ्यासक्रमात ‘क्षेत्र प्रकल्प’ म्हणून जे लिहिले आहे ते याहून वेगळे काय असते?

आता कायद्याकडे येतो, कारण हा विषय परीक्षेपुरता नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला आहे. त्या कायद्याखाली दावा करताना पुरावे म्हणून गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना चालतात, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. बिगरआदिवासी पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पूर्व विदर्भात निस्तार हक्कांची, म्हणजे गावाने रानातून जळण, चारा वगैरे घेण्याच्या हक्कांची नोंद असलेली निस्तारपत्रके आणि गावच्या वहिवाटी नोंदवणारे वाजिब-उल-अर्ज आहेत; कायद्याने निस्तार हा शब्दच सामूहिक हक्कांत घेतला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि सार्वजनिक सभेने १८७८ साली जे सुचवले होते ते एका गावाच्या हाती १३१ वर्षांनी पडले. मेंढ्यासारखी तयारी प्रत्येक गावाची नसते. जुना कागद शोधून, वाचून, त्याचा अर्थ सांगणारा माणूस गावाला हवा असतो, आणि हे काम इतिहासाच्या पदवीधराने करायचे नाही तर कोणी करायचे? आपण त्याला तीन वर्षांत असा एकही कागद हातात देत नाही. ही गोष्ट मला फार खुपते.

पेपर झाला म्हणजे गुहांची आरती करायची असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यावर झालेली टीका तितक्याच गंभीरपणे शिकवावी. इंग्रज येण्याआधी माणूस आणि निसर्ग यांच्यात बरीचशी घडी बसलेली होती, असा जो सूर ‘धिस फिशर्ड लँड’मध्ये लागतो, त्याला पर्यावरण-इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह आणि इतरांनी वेगवेगळ्या बाजूंनी हरकती घेतल्या. आपल्याकडे तर ही हरकत तपासायला मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरचे आज्ञापत्रच आहे. आरमारासाठी सागवान तोडायचे ते परवानगीने. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात. हा उतारा आपण राज्यकर्त्याची रयतेबद्दलची कळकळ दाखवण्यासाठी वाचतो, ते ठीकच आहे. पण सागवानावर हुकूमत कोणाची, गावाच्या झाडावर कोणाची, कुरणे कोण राखत होते, चुकून शिरलेल्या गुरांचे काय होई, हे प्रश्नही त्यातूनच निघतात. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत त्यांची उत्तरे दबलेली आहेत. सुमित गुहा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे पश्चिम भारतातल्या वनवासी समाजांचा आणि पर्यावरणाचा इतिहास १९९९ साली इंग्रजीत लिहिला तेव्हा या कागदांत किती काय आहे ते दिसले.

जातीचा मुद्दा आणखी महत्त्वाचा. गाडगीळ मूळचे पुण्याचे. देवरायांवर त्यांनी वा. द. वर्तकांबरोबर केलेले काम आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. फासेपारधी, वैदू, नंदीवाले हे शिकारीची जनावरे आणि साधने आपसांत कशी वाटून घेत, यावरही त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला होता. गुहांबरोबरच्या पुस्तकात हाच धागा जातिव्यवस्थेपर्यंत जातो: प्रत्येक जातीचा निसर्गातला वाटा ठरलेला, म्हणून ओरबाडणे कमी. यावर सरळ प्रश्न येतो की वाटा ठरवला कोणी, आणि ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही त्याचे काय? महाडचे चवदार तळे डोळ्यांसमोर आणा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले, तो पाण्याच्या वाटपाचा इतिहास नव्हे काय? गाडगीळ-गुहांची मांडणी आणि महाड एकाच वर्गात, एकाच तासाला समोरासमोर ठेवता येतील, आणि हा तास महाराष्ट्रात जितका जिवंत होईल तितका दुसरीकडे क्वचितच. मुळशीही जोडीला घ्यावी. १९२१ साली मुंबईला वीज देण्यासाठी टाटांचे धरण उठत होते आणि सेनापती बापट मावळ्यांबरोबर जमिनीसाठी उभे राहिले. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर केलेला अभ्यास २००९ साली इंग्रजीत आला.

१९८९ साली गुहांनी अमेरिकेतल्या निर्मनुष्य अभयारण्याच्या कल्पनेवर जो लेख लिहिला तो जगभर वाचला गेला. तिकडची रिकामी राने राखण्याची कल्पना दाट वस्तीच्या देशात जशीच्या तशी आणली की तिचा भार गरिबांवर पडतो, असा त्याचा गाभा. १९७३च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट होता. अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतल्या कोरकू आदिवासी विद्यार्थ्यासाठी हा लेख परक्या देशातला वाद राहत नाही. वाघ राखायलाच हवा असे म्हणणारेही त्याच वर्गात असतील, मी स्वतःही त्यांतलाच. भांडण होऊ द्यावे.

आपल्याकडून येणाऱ्या हरकती मी ऐकलेल्या आहेत. एक म्हणजे, पर्यावरण हा अनिवार्य विषय आहेच. आहे, पण त्यात ओझोनचा थर आणि अन्नसाखळी पाठ होते. १८७८चा कायदा, निस्तार, राब यांतले काही नसते, आणि असायला तो इतिहासाचा पेपरही नव्हे. दुसरी, शिकवायला माणसे नाहीत. माझा अनुभव असा की वर्गात पहिल्यांदा शिकवावे लागले की शिक्षक तयार होतो. विषय अभ्यासक्रमात आल्याशिवाय उजळणी वर्गही निघत नाहीत. तिसरी हरकत खरी आहे: मराठीत वाचायला काय द्यायचे? गुजरातेतल्या डांगवर अजय स्कारिया, वऱ्हाडातल्या कापूस, दुष्काळ आणि गुरांवर लक्ष्मण सत्या, दोघांचे काम मोलाचे आणि दोघांचेही इंग्रजीत. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलाला ते पुरते पेलत नाही. जी माणसे मोडी वाचू शकतात, कोरकू किंवा गोंडी बोलतात, राब भाजतात, त्यांच्या भाषेत त्यांच्याच जंगलाचा इतिहास मिळत नाही, हे आपल्या विद्यापीठांचे देणे आहे.

म्हणून सुरुवातीला एवढे करावे. गुहांचे आणि इतरांचे निवडक दहा-बारा लेख व प्रकरणे रीतसर परवानगी घेऊन मराठीत आणावीत. हे काम सगळ्या विद्यापीठांनी वाटून घेतले तर कोणावरही फार भार येत नाही. मुंबई वन आयोगाच्या १८८७च्या अहवालातला राबाचा भाग, सार्वजनिक सभेचा अर्ज, फुल्यांचा उतारा, आज्ञापत्रातला उतारा, एखादे निस्तारपत्रक आणि एखाद्या वनविभागाची जुनी कार्य आयोजना यांचे एक साधनपुस्तक करावे. क्षेत्र प्रकल्पाला गावाच्या जंगलाचा, तळ्याचा किंवा गायरानाचा इतिहास हा विषय मान्य करावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. मोडीचा छोटा अभ्यासक्रम जिथे आधीच चालतो तिथे कुरणे, वणवे, दुष्काळ यांवरचे कागद सरावाला द्यावेत. अभिलेखागार आणि वनविभाग यांच्याकडे विद्यार्थ्यांना जुनी कागदपत्रे पाहू देण्याची लेखी विनंती विद्यापीठाने स्वतः करावी, कारण एकट्या विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवले जाते.

गुहा १९९०च्या दशकापासून बंगळुरूत राहून लिहीत आले आहेत. २०२४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात भारतीय पर्यावरणविचाराच्या दहा जुन्या प्रवर्तकांवर त्यांनी लिहिले. त्यांतले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख. हा विभाग १९१९ साली सुरू झाला आणि समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये गेडिस यांचेच विद्यार्थी. शहर, पाणी, झाडे आणि माणसे एकत्र पाहायला शिकवणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्याच विद्यापीठात शिकवत होता.

हा विषय आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. पेपरचा कच्चा आराखडा, घटकनिहाय तासिका आणि वाचनाची यादी मी करून ठेवली आहे. बोलावलेत तर स्वखर्चाने येऊन मांडीन, आणि मंडळाने त्यात हवे ते बदल करावेत.

कळावे,
आपला,
एक इतिहास-शिक्षक